साबणे, दोन किलोमीटर

केतकीला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की एसटी स्टँडबाहेरच्या तपकिरी पाटीवर तिच्या वडिलांचं अंतर दोन किलोमीटर दाखवलं होतं. वडील दीड किलोमीटरवर होते. मंडईतून आडवं गेलं तर सव्वाच.

पाटी नवी होती. वर भुईकोट किल्ला, त्याखाली जुना दगडी पूल, त्याखाली श्री. दिगंबर साबणे, आणि तिघांना मिळून एकच पांढरा बाण. केतकी पाठीवरची सॅक न उतरवता पाटीखाली उभी राहिली. तशी ती भित्री. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी हिच्या हातातला कप हिंदकळायचा. फोन वाजला की हात आधी छातीवर जायचा, मग फोनवर. पण पाटीवर नाव वाचून ती दचकली नाही. मांडवपूर नगरपालिकेनं बाबांना प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत घेतलं, हे शेजारच्या मालनकाकूंनी आठ महिन्यांपूर्वीच व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. तेव्हा केतकी मीटिंगमध्ये होती. तिनं अंगठ्याची खूण पाठवली होती, आणि संध्याकाळी नीट फोन करू असं ठरवलं होतं.

मनाला लागून राहिला तो अर्धा किलोमीटर. बाबांनी हे खपवून कसं घेतलं?

दिगंबर साबणे एकतीस वर्षं याच स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे भोंग्यावरून सांगणारा आवाज त्यांचा. 'साधारण चारला' असं त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. चार दहा म्हणजे चार दहा. आणि त्यांचा स्वतःचा एक नियम होता, कुठल्या पुस्तकात न लिहिलेला. सुटलेली गाडी पोचल्याची किंवा रद्द झाल्याची नोंद वहीत झाल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. घाटात दरड येऊन रत्नागिरीची गाडी अडकली, की केतकी आणि तिची आई जेवायच्या थांबायच्या. आई गेल्यावर केतकी एकटी थांबायची. मग तीही पुण्याला शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली, आणि पुढे बंगळुरूला.

तिनं फोन लावला. तो वाजत राहिला आणि थांबला. शनिवारचे अकरा वाजत होते. या वेळी ती न सांगता आली होती, कारण सांगून यायचं ठरवलं की काही ना काही निघायचं आणि राहून जायचं. तिकीट काढूनही असं चारदा झालं होतं. पाचव्यांदा तोंड दाखवायचं तर थेट दारातच उभं राहावं, एवढाच तिचा बेत होता. हातात म्हैसूरपाकाचा डबा होता आणि परतीचं तिकीट उद्या संध्याकाळी सातचं.

गल्लीच्या तोंडाशी लोखंडी अडसर होता. त्यामागे खुर्चीवर बसलेल्या बाईंच्या अंगावर खाकी जाकीट होतं आणि गळ्यात शिट्टी. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली, वाजवली मात्र नाही. तरी केतकी दोन पावलं मागे सरली.

"पास?"

"मी इथलीच आहे."

"इथल्यांना सवलत हाय. पण पास लागतोच. आणि ह्या बाजूनं रस्ता नाही, मार्ग तिकडून वळसा घालून हाय."

"मी साबण्यांची मुलगी आहे."

बाईंनी शिट्टी तोंडातून काढली. केतकीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग म्हैसूरपाकाच्या डब्याकडे.

"मग तर हापिसातच जावं लागंल ताई. कारणाला परस्पर आत सोडायचं नाही, असं आमाला ट्रेनिंगातच सांगितलंय."

"कारण? कसलं कारण?"

"तुम्हीच की कारण," बाई म्हणाल्या, आणि तिला ऑफिसची दिशा नीट समजावून सांगितली.

पर्यटन कक्ष जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत होता. ट्रक थांबवायचा बांबू अजून दाराशी आडवा टेकवलेला होता. आत होनराव नावाचे पन्नाशीचे गृहस्थ कागदांना स्टेपलरनं टाचण्या मारत होते. टाचणी बसल्याचा आवाज झाला तशी केतकी दचकली. होनरावांनी ते पाहिलं आणि पुढची टाचणी हळू मारली.

"साबणे म्हणजे क्रमांक सात," त्यांनी फाइल काढली. "छान चाललंय हो. किल्ल्यापेक्षा जास्त गर्दी आहे. किल्ला काय, पडीकच. इथं जिवंत काहीतरी बघायला मिळतं. बसा ना."

ती बसली. होनरावांनी चष्मा नाकावर खाली ओढून वाचायला सुरुवात केली, एखाद्या सातबाऱ्याचा उतारा वाचावा तसं.

"स्थळ: वाट पाहणारे गृहस्थ. वेळ: रोज दुपारी चार ते सहा. कारणाचा तपशील: मुलगी. अडीच वर्षांपूर्वी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी 'बसले बाबा, गाडी सुटली' असे मुलीने फोनवर सांगितले. सदर गाडी येण्याची वेळ चार दहा. गाडी चार बत्तीसला आली. मुलगी आली नाही. सुटल्याची नोंद आहे, पोचल्याची नाही, रद्दची नाही. सबब गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून..." त्यांनी मान वर केली. "हे बरोबर आहे ना? म्हणजे, तुम्ही त्या दिवशी गाडीत बसला होतात?"

त्या शनिवारी केतकी पुण्यात मैत्रिणीच्या खोलीवर गादीवर लोळत होती. आदल्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस झाला होता, तिला उठायला उशीर झाला होता, आणि पुढची गाडी पकडूच म्हणून तिनं 'बसले' सांगितलं होतं. पुढची गाडीही गेली. मग तिनं 'उद्या येते' असा मेसेज टाकला. मेसेज ही नोंद नव्हे, हे तिला बाबांची मुलगी म्हणून कळायला हवं होतं.

"आता खरं काय ते सांगितलंत तरी चालेल," होनराव म्हणाले. "बसलाच नव्हता असं असेल तर 'रद्द' लिहून घेता येतं. वेगळा नमुना आहे त्याला. फक्त त्याची एक प्रत तुमच्या वडिलांना द्यावी लागते."

"बसले होते," केतकी म्हणाली.

"ठीक." त्यांनी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. "मग प्रश्न एवढाच, की तुम्हाला स्थळ पाहायचंय की भेटायचंय?"

"भेटायचंय. माझे वडील आहेत ते."

"भेटा की. कुणाची हरकत असणार? हा घ्या अर्ज. सही केलीत की मी स्वतः तुम्हाला सोडायला येतो. तुम्ही भेटलात, की पोचल्याची नोंद होणार, कारण संपलं म्हणून स्थळ यादीतून जाणार. पाटी उतरवावी लागेल, आमचं ते काम." त्यांनी अर्ज तिच्यासमोर ठेवला आणि त्यावर पेनही ठेवलं. "एक विचारू का? राग मानू नका. राहणार किती दिवस?"

"उद्या सातची गाडी आहे. सोमवारी ऑफिस."

"अच्छा."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"म्हणजे उद्या सातनंतर तुम्ही परत वाटेला लागणार. पोचल्यावर फोन करते म्हणणार. आणि साहेब परवापासून परत चारला खुर्ची टाकणार. माणूस तसा आहे, तुम्ही मला काय सांगता. पण तेव्हा समोर कुणी नसेल. एकदा रद्द झालेलं स्थळ परत यादीत घेता येत नाही, हा नियम वरूनच आलाय. आत्ता कसं, रोज तीस-चाळीस माणसं येतात. कुणी खाली वाकून नमस्कार करतं, कुणी जाताना हात हलवतं. परवा बार्शीचं एक कुटुंब येताना घरून शेंगाची चटणी घेऊन आलं. साहेबांची शुगरसुद्धा खाली आली म्हणतात. खरं खोटं ते डॉक्टर जाणे."

केतकीनं पेन उचललं होतं ते खाली ठेवलं. पेन घरंगळलं. ती दचकली, आणि तिनं ते टेबलाच्या कडेला अडवलं.

"मग नुसतं पाहायचं असेल तर?"

इथं होनराव खुलले. त्यांनी रंगीत माहितीपत्रक उघडून दोन्ही हातांनी सपाट केलं. पाहायचं असेल तर दोन मार्ग होते. एकट्या साताचं तिकीट, त्यात दहा मिनिटं. नाहीतर शहराचा पास, आठ स्थळं, दोन दिवस, त्यात साताजवळ आज आणि उद्या पूर्ण वेळ थांबता येतं.

"पण मी खोटं बोलणार नाही. नुसतं सातसाठी पास घेतला तर परवडत नाही. आठातली सहा तरी बघितली पाहिजेत. आणि पासावर क्रम मोडता येत नाही. एक ते सहा झाल्याशिवाय सात नाही. लोक डायरेक्ट साताकडे पळायला लागले होते, म्हणून तसं केलं."

"मला जरा विचार करू दे."

"करा, करा. सगळे करतात. बाहेर बाकडं आहे त्यासाठीच."

बाकड्यावर बसून केतकीनं पुन्हा फोन लावला. वाजला, थांबला. तिनं आतल्या दिशेनं विचारलं, "बाबा फोन का उचलत नाहीत?"

"रविवार सोडला तर सकाळी आत चार्जिंगला असतो हो," आतून उत्तर आलं. "चारला बाहेर येताना खिशात घेतात. वाट बघण्यातलाच भाग आहे तो. वाजला तर उचलायला मनाई नाही. चार ते सहात अजून कधी वाजलेला नाही, इतकंच."

हे खरं होतं. केतकी फोन करायची रविवारी सकाळी, भाजी कापता कापता, फोन स्पीकरवर ठेवून. पलीकडून हॅलोच्या मागोमाग एकच प्रश्न यायचा, निघालीस का. ती म्हणायची, हो बाबा, येत्या शनिवारी नक्की. मग जेवण, पाणी आलं का, गुडघा, आणि ठेवते हं. चार मिनिटांच्या वर कधी गेला नाही. कधीकधी कांदा कापून व्हायच्या आतच संपायचा.

तिनं बाकड्यावर हिशेब मांडला. दहा मिनिटांचं तिकीट म्हणजे अडीच फोन. तेवढ्यात काय होणार? पास घेतला तर आज दोन तास, उद्या दोन तास. चार तास म्हणजे साठ फोन, म्हणजे वर्षभराचे सगळे रविवार आणि वर आठ. या बाजूनं पाहिलं तर पास परवडत होता. आणि तिसरा तो अर्ज, ज्यात मोजायला काहीच नव्हतं, तो तिनं घडी करून सॅकच्या पुढच्या कप्प्यात ठेवला. उद्या बघू, असं तिच्या मनात आलं. मनात आल्यावर तिचंच तिला वाईट वाटलं, कारण हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं.

"पास द्या," ती आत जाऊन म्हणाली.

पासाच्या मागे छोटा फॉर्म होता. नाव, गाव, रक्तगट. शेवटचा रकाना: यातलं कोणतं स्थळ गेल्या पाच वर्षांत पाहिलं आहे, व किती वेळा. तिनं सातपुढे 'तीन' लिहिलं. मग आठवून पाहिलं. तिन्ही खेपा त्या मे महिन्याच्या आधीच्या. त्यातली एक खेप मावसभावाच्या लग्नाची होती, तेव्हा ती घरी न जाता कार्यालयातूनच परतली होती. बाबाच तिथं आले होते. तिनं तीन खोडून दोन केलं.

"खाडाखोडीशेजारी सही," होनराव म्हणाले. तिनं सही केली.

साडेबारा वाजले होते. केतकीनं शहर पाहायला सुरुवात केली.

या गावात तिची सतरा वर्षं गेली होती, पण किल्ला तिनं पाहिलेला नव्हता. बाबांची साप्ताहिक सुटी मंगळवारी असायची. दर मंगळवारी ती शाळेतून आली की ते चप्पल घालूनच ओट्यावर बसलेले असायचे आणि विचारायचे, किल्ला बघून येऊ का गं? कधी तिचा क्लास असायचा, कधी मैत्रीण यायची, कधी नुसताच कंटाळा. पुढच्या मंगळवारी, ती म्हणायची. ते मान हलवून चप्पल काढायचे. आता ती तटावर चढली तेव्हा वर सहा माकडं होती, एक फुटकी तोफ होती, आणि तटाच्या एका फटीतून सबंध स्टँड दिसत होतं, फलाटांच्या आकड्यांसकट. त्यांना हे दाखवायचं असणार. खिडकीतल्या माणसानं पासावर शिक्का मारत विचारलं, "एकट्याच?"

"हो," ती म्हणाली.

दगडी पुलाखाली पाणी नव्हतं. तीन नंबरचं शाळेचं घड्याळ बारा वाजायला दहा मिनिटं कमी असल्याचं दाखवत होतं, आणि माहितीफलकावर म्हटलं होतं की ते दिवसातून दोनदा बरोबर असतं, त्या वेळी गर्दी टाळावी. चार नंबरला, जिथं पूर्वी टॉकीज होतं ती मोकळी जागा. तिथं एक जोडपं मोकळ्या जागेचे फोटो काढत होतं आणि मोकळी जागा नीट यावी म्हणून त्यांनी केतकीला बाजूला व्हायची विनंती केली. पाचवी चिंच. सहावा एक रांजण, ज्याचा तळ कुणी पाहिलेला नाही. केतकीनं वाकून पाहिलं, तर तळ दिसला, पण ती काही बोलली नाही. शिक्के भराभर जमत गेले. घड्याळात पाच वाजून गेले तेव्हा ती ठरलेल्या मार्गानं, वळसा घालून, स्वतःच्या गल्लीत मागच्या बाजूनं शिरली.

दहा-बारा माणसं दोरीमागे उभी होती. पुढे भोंगा घेऊन मालनकाकू इंगवले. काकू आयुष्यभर शेजारी राहिल्या होत्या, त्यांनी केतकीच्या वेण्या घालून तिला शाळेत सोडलं होतं. आता त्यांच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि अंगावर चापून नेसलेली निळी साडी. त्यांनी केतकीला पाहिलं. भोंगा तोंडापासून दूर धरला.

"आलीस होय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अंगठा पाठवणारी. किती वाळलीस गं."

"काकू, मी..."

"पास दाखव आधी. शिक्के सहाच्या सहा? हं. डबा कसला? खाऊ असेल तर पेटीत ठेवायचा, हातात द्यायचा नाही. आणि दोरीच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही." मग आणखी हळू, "अर्ज भरलास?"

"नाही अजून. सॅकमध्ये आहे."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी तिला दोरीशी, पहिल्या रांगेत जागा करून दिली.

तीस पावलांवर बाबा होते.

ओट्यापुढे लोखंडी घडीची खुर्ची. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात पेन आणि फोन, मांडीवर वही. शेजारी दुसरी तशीच खुर्ची, रिकामी, तिच्या बैठकीवर धुतलेला टॉवेल घडी करून ठेवलेला. लोखंड उन्हानं तापतं म्हणून. त्यांची मान उजवीकडे वळलेली होती, मंडईच्या कोपऱ्याकडे. बघणारे सगळे डावीकडे होते. त्यांना फक्त बाबांचा कान दिसत होता, मागचे पांढरे केस, आणि चष्म्याची दांडी, जिच्यावर दोरा गुंडाळलेला होता. तो दोरा केतकीला नवा होता.

"बघा मंडळी," काकूंचा भोंगा सुरू झाला, आणि केतकी जागच्या जागी उडाली. "साहेब त्या कोपऱ्याकडे बघतात, कारण स्टँडवरून येणारा माणूस तिथूनच येतो. आधी आपण प्रेक्षकांनाही तिकडूनच आणायचो. पण व्हायचं काय, कोपऱ्यावर कुणीही दिसलं की साहेब उठून उभे राहायचे. दिवसातनं चाळीस-पन्नास वेळा. गुडघे सुजले त्यांचे. म्हणून मग नगरपालिकेनं मार्ग अर्ध्या किलोमीटरनं वाढवला आणि ती बाजू बंद केली. आता त्या कोपऱ्यातून कुणीच येत नाही."

"हुशारी आहे," एक आजोबा म्हणाले.

"साहेबांनीच सुचवलं. फक्त पाटीवर अंतर बरोबर टाका म्हणाले."

पुढच्या बाईंनी कडेवरच्या मुलाला सावरत विचारलं, "मग मुलगी कुठे आहे हो ती?"

काकूंनी केतकीकडे पाहिलं नाही.

"वाटेत आहे," त्या म्हणाल्या. "अधिकृत माहिती तशी आहे."

"अडीच वर्षं?" बाईंचा नवरा हसला. "कुठल्या गाडीनं निघालीय?"

"दादा, गाडीचं मी सांगते, चार दहाची. बाकीचं तिलाच माहीत."

लोक येत राहिले, बघत राहिले, दहा मिनिटं झाली की काकू त्यांना पुढे सरकवत राहिल्या. केतकीजवळ पास होता. ती तिथंच उभी राहिली. एवढा वेळ तिनं बाबांकडे कधी पाहिलं नव्हतं. ते दर पाच-सात मिनिटांनी थर्मासचं झाकण उघडायचे, वास घ्यायचे आणि पुन्हा लावायचे. चहा दोघांचा असावा. एकदा त्यांनी रिकाम्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून झटकला आणि उलटी बाजू वर करून ठेवला. साडेपाचला त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "काय लिहितात?" कुणीतरी विचारलं. "उशीर," काकू म्हणाल्या. "दर अर्ध्या तासानं उशीर लिहितात. किती तो."

पास परवडत होता, यात शंका नव्हती. केतकीला तेच सहन होईना. तीस पावलं चालत गेलं तर पोचल्याची नोंद, उद्या सातची गाडी, आणि परवापासून या गल्लीत नुसती एक खुर्ची, समोर कुणी नाही. नाही गेलं तर उद्या पुन्हा दोन तास, मग सातची गाडी, आणि इथं सगळं जागच्या जागी, चष्म्याच्या दोऱ्यासकट. ती हाक मारू शकत होती. दोनदा तिनं तोंड उघडलंही. पण हाकेनं ते दचकले तर? तिला स्वतःला मागून हाक आली की काय होतं, ते तिला माहीत होतं. आपला हा स्वभाव कुणावरून आलाय, हेही तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलं नव्हतं.

सहाला दहा कमी असताना तिनं फोन काढला.

बाबांच्या खिशात वाजला. जुन्या फोनचा तो कर्कश आवाज गल्लीभर गेला आणि बाबा खुर्चीत इतके दचकले की मांडीवरची वही खाली पडली. दोरीमागे एकदम कुजबुज झाली. काकूंचा भोंगा हातात तसाच राहिला. हे त्यांच्या पाठांतरात नव्हतं. बाबांनी आधी छातीवर हात ठेवला. मग खिसा चाचपला. फोन निघेपर्यंत वाजायचा थांबला.

केतकीनं पुन्हा लावला. या वेळी फोन त्यांच्या हातात होता, पण त्यांनी तो उलटा धरला होता. उलट-सुलट करेपर्यंत तोही गेला.

"मुलीचा असेल का हो?" कडेवर मूल घेतलेल्या बाई दोरीवर वाकल्या.

"असेल," काकू म्हणाल्या. त्यांनी आता केतकीकडे पाहिलं, तिच्या कानाला लावलेल्या फोनकडे पाहिलं, आणि दोरीची आपल्या बाजूची गाठ हातात धरून उभ्या राहिल्या. ती सोडायला धरली होती की घट्ट करायला, ते काकूंनाही ठरवता आलेलं दिसलं नाही.

तिसऱ्यांदा वाजला. बाबांनी वाकून वही उचलली, मांडीवर उघडून ठेवली, पेनाचं टोपण दातांनी काढलं. मग चष्मा कपाळाकडे सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला, हिरवं बटण शोधलं, दाबलं, आणि फोन कानाला लावला. नजर कोपऱ्यावरच होती.

आवाज केतकीला दोनदा ऐकू आला. आधी दोरीपलीकडून, भोंग्यावरच्यासारखा स्वच्छ, आणि मग क्षणभरानं कानात.

"हॅलो. केतू? निघालीस का गं?"